कचेरी वर गेली त्या वर्षी

ता क्रादोनच्या बाजारात लमुनच्या खानावळीला पाटी नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नाही. तालुका कचेरीच्या पायऱ्या उतरलं की समोर बोटींचा धक्का, आणि धक्क्याच्या डाव्या अंगाला लमुनची चूल. जमिनीची मोजणी असो, लग्नाची नोंद असो, नाहीतर चोरीला गेलेली म्हैस. माणूस सकाळच्या बोटीनं यायचा आणि साहेब जागेवर नाहीत असं कळलं की तिच्या बाकावर येऊन टेकायचा. आंबवलेल्या तांदळाच्या शेवयांवर ती माशाचा दाट रस्सा ओतायची, वर बारीक चिरलेलं केळफूल. "खा निवांत. साहेब जाऊन जाऊन जातील कुठं? भूक लागली की तेही इथंच येणार," असं ती सांगायची, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. कचेरीतली निम्मी कामं लमुनच्या बाकावरच मिटतात, असं लोक म्हणत.

लमुन म्हणजे मऊ, नाजूक. "हिच्या आईबापांनी नाव ठेवायची जरा घाईच केली," असं तिचा नवरा सवेंग चारचौघांत म्हणायचा. त्यावर ती चुलीपासून ओरडायची, "तुमच्या आईबापांनी मात्र अगदी नेमकं ठेवलंय! सवेंग म्हणजे शोधत फिरणारा. घर सोडून सगळीकडं शोधत फिरतोय!"

सवेंग कमनान होता, गावोगावच्या मुख्यांचा मुख्य. लोकांनी निवडून दिलेला. कुणाचा बांध रेटला, कुणाच्या पोराला सैन्याचं बोलावणं आलं, कुणाचा बैल दुसऱ्याच्या भातात शिरला, की आधी सवेंगला हाक. माणूस सरळ होता. फक्त घराबाहेर कुणाला 'नाही' म्हणणं त्याला जमत नसे.

यांग नदी तिथं कोपरासारखी वळते. पावसाळा सरता सरता डोंगराकडचं सगळं पाणी त्या कोपरात तुंबायचं आणि कचेरीच्या पायऱ्या चढायचं. कारकून मंडळी टेबलावर टेबल ठेवून त्यावर बसत, कपाटांच्या माथ्यावर दप्तरं रचत, आणि अर्जदार होडीतूनच खिडकीशी येऊन अर्ज आत सरकवत. या सगळ्याची कुणाला नवलाई नव्हती. लमुनच्या आजोबांच्या काळी तिथं कचेरीही नव्हती. जंगलातून वाहत येणाऱ्या सागाच्या ओंडक्यांवर कर घेणारी एक झोपडी होती, बस. राजधानीहून पहिला अंमलदार आला तो आजोबांच्याच होडीतून. क्रादोनच्या झाडाखाली उतरून त्यानं विचारलं, "या जागेला काय म्हणतात?" त्या जागेला कुणीच काही म्हणत नव्हतं. आजोबा गडबडले आणि म्हणाले, "क्रादोनचा धक्का." ता म्हणजे धक्का; अंमलदारानं तसंच लिहून घेतलं. ता क्रादोन. पुढं तालुक्याचंही तेच नाव झालं. ही गोष्ट लमुन नव्या येणाऱ्या प्रत्येक साहेबाला पहिल्याच जेवणाला ऐकवायची.

मग महामार्ग आला. नदीपासून सायकलनं पाऊण तासावर, उंच कोरड्या जमिनीवरून, लष्करी गाड्यांसाठी म्हणून सरकारनं तो सरळ आखला. लोक त्या बाजूला 'वर' म्हणू लागले आणि बाजाराला 'खाली'. वर तेव्हा काहीच नव्हतं, बांबूची बेटं आणि लाल धूळ. आणि रस्त्याला लागून लमुनच्या वडिलांचा जमिनीचा तुकडा होता. काही आंबे, एक विहीर, बाकी गवत. रीतीप्रमाणे घर आणि जमीन धाकट्या लेकीकडं येते, तशी ती लमुनकडं आली होती.

त्या वर्षी पूर मोठा होता. पाणी ओसरल्यावर तालुक्याचे मुख्य अधिकारी निपोनसाहेब लमुनकडं जेवायला आले. तरुण माणूस, चष्मेवाला, पायात अजून चिखलाचे बूट. सवेंगही होता, औषधांचा दुकानदार हेंग होता, आणखी पाच-सहा जण होते.

"कमनान," साहेब म्हणाले, "जिल्ह्यावरून निरोप आलाय. कचेरी हलवायची म्हणतात. वर रस्त्याकडे. यंदा जमिनीची निम्मी कागदपत्रं भिजलीत. पण जमीन विकत घ्यायला पैसे नाहीत. कुणी दान दिली तर."

"आणि कुणी नाही दिली तर?" हेंगनं विचारलं.

"तर कचेरी शेजारच्या तालुक्यात जाईल. मग सगळ्यांना तिकडं चालत जायचं."

सवेंगनं वाटी खाली ठेवली. "जमीन आहे," तो म्हणाला. "माझ्या बायकोची. रस्त्याला लागून."

लमुनचा पळा रश्शातच थांबला. साहेबांनी दोन्ही हात जोडून आधी सवेंगला आणि मग तिला नमस्कार केला. बाकावरच्या माणसांनी "साधू, साधू" म्हटलं, विहारात दान दिल्यावर म्हणतात तसं. एवढ्या लोकांसमोर तिनं काय बोलायचं? ती शेवया वाढत राहिली.

संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्यावर मात्र तिनं त्याला गाठलं. "मला विचारलंत तरी का?"

"तुझ्यासमोरच तर बोललो."

"समोर बोलणं म्हणजे विचारणं नव्हे, रचनीचे बाबा. जमीन माझ्या बापाची आहे. दिली आणि कचेरी वर गेली, तर इथं काय उरणार? माझ्या बाकावर बगळे येऊन बसतील."

"बाजार कुठं जातोय? नदी आहे, धक्का आहे."

"धक्क्यावर लोक कुणासाठी येतात? माझ्या रश्शासाठी येतात असं वाटतं तुम्हाला? कचेरीसाठी येतात!"

सवेंग उंबऱ्यावर बसला. मग नदीकडं बघत म्हणाला, "रस्ता असता, दवाखाना असता, तर मनित आज असता."

मनित त्यांचा थोरला. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याला ताप चढला. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत बोटीला अख्खा दिवस लागतो. लमुननं त्याला मांडीवर घेतलं होतं, सवेंग ओल्या फडक्यानं वारा घालत होता, आणि जिल्ह्याचा घाट दिसायला लागला तेव्हा पोराचं अंग थंड पडलं होतं. त्यानंतर सवेंगनं त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आज काढलं, आणि तेही जमिनीसाठी काढलं, याचा लमुनला संताप आला. पण बोललेलं खोटं नव्हतं. धाकटी रचनी आत चटईवर बाहुली निजवत होती. लमुन उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. "साहेब, खरं सांगा. दवाखाना येणार का?"

"येणार, माय लमुन. आधी कचेरी, मग पोलीस ठाणं, मग दवाखाना, मग मोठी शाळा. सरकारचा एक क्रम असतो."

"क्रम उलटा नाही का करता येत?"

निपोनसाहेब हसले. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून गंभीर झाले. "मी इथं असेन तोवर पाठपुरावा करीन. शब्द देतो."

तिनं सही केली. रस्त्याला लागून एक पट्टी स्वतःकडं ठेवली, तीही साहेबांनीच ठेवायला सांगितली म्हणून. घरी येऊन तिनं नेहमीसारखे मासे कुटायला घेतले. हातून काही फार मोठं गेलंय असं त्या दिवशी तिला वाटलं नव्हतं. आपण हो म्हटलं आणि बरं केलं, असंच वाटलं होतं. पुढं कितीतरी वर्षं तिला याच गोष्टीचं नवल वाटायचं.

वर लाकडी खांबांवरची नवी कचेरी उभी राहिली आणि कोरड्या महिन्यात सामान हललं. बैलगाड्यांची रांग लागली. कपाटं, तिजोरी, राजाची तसबीर, झेंड्याचा खांबसुद्धा. बाजारातले सगळे दारात उभे राहून बघत होते. पोरं गाड्यांमागून धावत होती, जणू जत्राच. लमुन खानावळीच्या उंबऱ्यात उभी होती. शेवटी दोन शिपाई शिडी लावून कचेरीवरची पाटी उतरवायला लागले.

"अरे, ती कशाला काढताय?" तिनं विचारलं.

"तालुक्याची पाटी आहे, माय. तालुका वर चाललाय."

"त्यावर ता क्रादोन लिहिलंय. वर कुठं धक्का आहे? क्रादोनचं झाड तरी आहे का एक?"

शिपाई एकमेकांकडं बघून हसले. निपोनसाहेब पुढं आले. "नाव तालुक्याचं असतं, माय लमुन, जागेचं नव्हे. कागदावर तालुका ता क्रादोनच राहणार."

"आणि आम्ही?"

साहेबांना हे आधी सुचलं नव्हतं, असं दिसलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "या वस्तीची नोंद... जुना बाजार म्हणून होईल बहुतेक."

"झालं!" ती सवेंगकडं वळून म्हणाली. "माझ्या आजोबानं दिलेलं नावसुद्धा गाडीत घालून चाललात. कमनान, माझा तवा राहिलाय, तोही चढवा!"

सगळे हसले. सवेंगही हसला. पांढऱ्या शुभ्र गणवेशात तो पहिल्या गाडीवर बसला होता. गाड्या झाडांआड गेल्या. लमुन आत आली, तर दुपारच्या वेळी बाकावर चिटपाखरू नव्हतं.

कमनानला कचेरीजवळ राहावं लागतं, म्हणून सवेंगनं उरलेल्या पट्टीवर घर बांधलं. पुढं दुकानाला जागाही ठेवली. "इथं चूल मांड," तो म्हणाला. "समोर कचेरी. खाली होतं तसंच."

ती गेली. पुढं लोक म्हणत की लमुन हट्टी, ती पहिल्यापासून गेलीच नाही. ते खरं नव्हतं. ती रचनीला घेऊन गेली आणि चूलही मांडली. पण वर माणसं बसनं येत, आणि परतीच्या बसवर एक डोळा ठेवून जेवत. रश्शात मासा कुठला हे कुणी विचारत नव्हतं. मासा बर्फातून यायचा. गाडी गेली की लाल धूळ भांड्यांवर बसायची. रचनी नव्या शाळेत रमली, सवेंग कचेरीत रमला, आणि लमुन संध्याकाळी दाराशी बसून रस्त्याच्या सरळपणाकडं बघत राहायची. नदी निदान वळून कुठंतरी दिसेनाशी तरी होते.

वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा विहारातला पावसाळी मुक्काम, संपला. त्या सुमाराला लांब होड्यांच्या शर्यती असतात. दर वर्षी झेंडा दाखवायला तालुक्याचे साहेब यायचे. त्या वर्षी वर सरकारी पाहुणे आले होते, म्हणून साहेब आले नाहीत आणि कमनानही आला नाही. विहारातल्या मोठ्या भन्तेंनीच झेंडा दाखवला. लमुन एकटी खाली आली होती. भन्ते म्हणाले, "दोन दिवस चूल पेटव, माय. वल्हेकऱ्यांना जेवायला कुणी नाही." तिनं चूल पेटवली. नदीचा ताजा मासा, भिजलेलं सरपण, डोळ्यांत धूर, आणि बाकावर ओले वल्हेकरी एकमेकांच्या टिंगली करतायत. दोन दिवसांचे चार झाले. सवेंगला तिनं निरोप धाडला, दिव्यांच्या सणापर्यंत थांबते. सणानंतर पुन्हा धाडला, भाताची कापणी होऊ दे.

सवेंग सायकलनं आला. "चल आता."

"येते हो. एवढे मासे खारवून होऊ द्या."

"रचनी वाट बघतेय."

"तिला सुटीला इकडं धाडा."

तो जेवला आणि गेला. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं लमुनला पुढं वाटायचं. भांडणात माणूस एक तरी खरं बोलतो. त्या दोघांनी इतकं सांभाळून घेतलं की मधलं अंतर जागच्या जागी मुरत गेलं. तो दर उपोसथाच्या, विहारातल्या व्रताच्या दिवशी यायचा, विहारात जायचा, तिच्याकडं जेवायचा, छपराचं एखादं पान बदलून द्यायचा. पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी म्हणायचा, "चल." मग कधीमधी म्हणू लागला. मग ते विचारणं गेलं, फक्त जेवण उरलं. सायकलच्या जागी फटफटी आली. तीही लमुनला लांबून ओळखू यायची.

बाजार एकदम नाही गेला. आधी सोनार गेला, मग शिंपी. दुपारची बोट बंद झाली. हेंगनं सगळ्यांत शेवटी दुकान आवरलं.

"तूसुद्धा?" लमुननं विचारलं.

"माय, औषधाला निदान आजारी माणूस तरी लागतो," हेंग म्हणाला. "सगळे आजारी बसनं दवाखान्यात जातात. तुझ्याच जमिनीवरच्या." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यानं जिनसेंगची एक डबी तिच्या हातात कोंबली. "घे, ठेव. म्हातारपणी लागेल."

दवाखाना खरंच झाला होता. निपोनसाहेबांची बदली झाली तरी त्यांनी शब्द पाळला होता. कुठल्याशा गावचं तापानं फणफणलेलं पोर तिथं वाचलं, त्याची आई मुद्दाम बसनं आणि मग पायी खाली आली, लमुनच्या पायांशी बसली. "तुमच्या जमिनीनं वाचवलं," म्हणाली. लमुननं तिला पोटभर जेवू घातलं. ती गेल्यावर लमुन बाकावर बसून खूप रडली. त्या बाईसाठी ती आनंदली होती, यात शंका नव्हती. पण मनितसाठी, आणि ज्या घरात आता एकाच माणसाची वाटी धुवावी लागायची त्या घरासाठी, रडायला तिला दुसरी वेळ मिळालीच नव्हती.

रचनी शिकली, वरच्याच शाळेत मास्तरीण झाली. सुटीत यायची तेव्हा नाक मुरडायची. "आई, इथं पंखा नाही, संडास नाही. कुणासाठी राहतेस गं?"

"नदीसाठी."

"नदी काय पळून जाणारेय? आणि बाबा एकटे जेवतात, ते दिसत नाही तुला?"

"तुझ्या बाबांनी शब्द दिला तेव्हा मला विचारलं होतं का?"

"आई, त्याला किती वर्षं झाली!"

लमुनलाही ते कळत होतं. पण इतकी वर्षं न जाता आता गेलं, तर मधली सगळी वर्षं उगाच काढली असं कबूल केल्यासारखं होईल. ते तिला झेपत नव्हतं.

कमनानला साठीला पायउतार व्हावं लागतं. सवेंगचा निरोपसमारंभ कचेरीत झाला, हार घातले, भाषणं झाली. दुसऱ्याच दिवशी तो फटफटी घेऊन खाली आला. उपोसथ नव्हता. लमुन चुलीपुढं होती. त्यानं बाकावर हात फिरवला, क्रादोनच्या बुंध्याला वनदेवतेसाठी बांधलेल्या रंगीत फडक्यांकडं पाहिलं, घसा खाकरला.

"आता मी कमनान नाही," तो म्हणाला. "वरच्या घरात रचनी आणि जावई राहतील. मी म्हटलं... इकडंच यावं."

लमुननं पळी खाली ठेवली. तिला म्हणायचं होतं, या. एवढंच. पण जिभेला सवय वेगळी होती.

"इकडं?" ती म्हणाली. "इथं राहायचं तर अर्ज करावा लागतो, रचनीचे बाबा. तीन प्रतींत. साहेब जागेवर असले तर विचार होईल."

तो हसला. तीही हसली. त्यानं शेवया खाल्ल्या, पाणी प्यायला, आणि नेहमीसारखा फटफटीला लाथ मारून निघून गेला. ती वाट बघत राहिली की पुढच्या खेपेला तो गाठोडं घेऊन येईल. तो उपोसथाला आला, पण रिकाम्या हातानं. विषय त्यानं पुन्हा काढला नाही. तिनंही नाही. त्यानं थट्टा म्हणून घेतली की नकार म्हणून, हे विचारायला दर वेळी ती तोंड उघडायची आणि विचारायची, "आणखी रस्सा देऊ?"

पाऊस संपत आला असताना रचनीचा नवरा मोटारीनं खाली आला. "आई, लवकर चला. बाबा न्हाणीघरात पडले."

बाहेर सगळी नदी चढलेली होती. मोटार चिखलातून वर निघाली. दवाखान्याच्या आवारात उतरल्यावर लमुन क्षणभर थबकली. व्हरांड्याला लागून आंब्याचं एक झाड होतं, तिच्या वडिलांनी लावलेल्यांतलं. विहीर बुजवून तिथं बाकं टाकली होती. दवाखाना झाल्यापासून ती इथं एकदाही आली नव्हती.

सवेंग खाटेवर होता. उजवं अंग गेलं होतं. ती दिसताच त्याच्या तोंडातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. डॉक्टरीणबाई तरुण होती. "वेळेवर आणलं म्हणून वाचले," ती म्हणाली. "बोटीनं जिल्ह्याला न्यावं लागलं असतं तर काही खरं नव्हतं. पण बोलणं बहुतेक परत येणार नाही, आजी."

दवाखान्यातून सुटल्यावर लमुन त्याच्याबरोबर रस्त्याकडच्या घरी गेली आणि राहिली. कुणी तिला चल म्हटलं नाही, तिनंही कुणाला विचारलं नाही. त्याला भरवायची, न्हाऊ घालायची, दुपारी खुर्ची ओढत दाराशी आणायची. समोर कचेरी होती, आता सिमेंटची, दुमजली. माणसं जिन्यावर ताटकळलेली असत. लमुन त्याला सगळं सांगायची. हेंगचा नातू जिल्ह्यात डॉक्टर झालाय. यंदा शर्यतीत आपल्या विहाराची होडी बुडाली, वल्हेकरी हसत हसत पोहत आले. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. तो ऐकायचा. कधी डोळे तिच्यावर असत, कधी रस्त्यावरच्या गाड्यांवर.

एकदा त्याच्या हनुवटीवरची पेज पुसताना तिनं विचारून टाकलं. "तुम्ही यायचं म्हणालात, तेव्हा मी थट्टा केली होती हो. नाही नव्हतं म्हटलं. तुम्हाला कळलं होतं का?"

सवेंगनं तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले. डाव्या हाताची बोटं मांडीवर थोडी उचलली गेली आणि पुन्हा खाली आली. हो म्हणाला की नाही, की त्याला आणखी पेज हवी होती, हे लमुनला समजलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तोवर तो रस्त्याकडं बघू लागला होता.

तो आणखी तीन पावसाळे जगला. दहन खाली नदीकाठच्या विहारात झालं. वरून इतकी माणसं आली की गाड्या बांधावर उभ्या कराव्या लागल्या. म्हातारे निपोनसाहेबही काठी टेकत आले आणि लमुनपुढं वाकून म्हणाले, "कमनानसारखा माणूस मी दुसऱ्या तालुक्यात पाहिला नाही, माय लमुन." तिनं हात जोडले.

सगळे पांगल्यावर रचनी तिला शोधत आली. "आई, तू आता इथंच राहणार असशील ना? घराचं छप्पर नीट करून घेते. पंखाही लावू."

लमुननं खानावळीकडं पाहिलं. काठाची माती नदीनं खात आणली होती, बाक एका बाजूला कललं होतं.

"नको," ती म्हणाली. "वर चल. त्यांचे कपडे अजून तसेच दोरीवर आहेत."

ती मोटारीत बसली. गाडी निघाली तेव्हा रचनीनं आईचा हात हातात घेतला. तो हात मासे कुटून कुटून खरबरीत झालेला होता. नदी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत लमुन मागं बघत राहिली.